काठ कुणी नेला?



या पानावर दर वेळी आम्ही बेणे, खत, हुमणी, खोडवा अशा विषयांवर लिहितो. या वेळी नदीवर लिहीत आहोत. असे का, ते आधी सांगतो.

पूर ओसरल्यावर ऊसनोंदी तपासण्यासाठी आम्ही कृष्णाकाठच्या गटात फिरत होतो. एका जुन्या सभासदांनी आम्हाला थेट काठावर नेले. उसाची शेवटची सरी अर्धी अधांतरी लोंबत होती, मुळ्या हवेत. खाली सरळ तुटलेला कडा. आण्णा म्हणाले, "हितं आंबा हुता साहेब. माज्या आज्यानं लावल्याला. आंब्याच्या पलीकडं चार सऱ्या, आन् मग काठ." आता आंबा नाही, चार सऱ्याही नाहीत. मग त्यांनी समोर हात केला. "तकडं बघा. नदीनं माजं काढलं आन् त्याला दिलं. त्यो आता मळईत वांगी करतोय. माती माजी हाय ती!"

समोरचा शेतकरीही आपलाच सभासद. दोघांचे काही वर्षे बोलणे नाही. वार्षिक सभेला येतात, पण बसतात दोन टोकांना. नाव-गाव देत नाही, कारण अशा जोड्या आपल्या कार्यक्षेत्रात आणखीही आहेत. नदी एकाचे काढून समोरच्याला देते, ही समजूत काठाकाठाने पक्की आहे. ती खरी आहे का, हे पाहायचे तर नदीचे पात्र बदलते कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

डोह कुठे, मळई कुठे

एक गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. नदीच्या वळणावर बाहेरच्या अंगाला डोह असतो आणि आतल्या अंगाला मळई. दोन वळणांच्या मध्ये जिथे नदी जरा सरळ जाते, तिथे पाणी उथळ असते. जुने लोक बैलगाड्या घालायचे ते बहुतेक अशाच ठिकाणी. नदीला उतार कुठे आहे हे त्यांना पुस्तकावाचून कळत होते.

हे असेच का होते, ते चहाच्या कपात दिसते. साखर जरा जास्त पडली असेल तर चमच्याने चहा गरगर फिरवा आणि चमचा काढून घ्या. पाणी फिरते म्हणजे दाणे बाहेरच्या कडेला फेकले जावेत, असे वाटते. होते उलटेच. न विरघळलेली साखर किंवा चहाची पूड कपाच्या तळाशी मधोमध गोळा होते. कारण वरचे पाणी जोरात फिरते आणि बाहेर रेटले जाते. तळाला घासून जाणाऱ्या पाण्याचा वेग मात्र कमी पडतो. वरून बाहेर गेलेले पाणी कडेने खाली उतरते आणि तळावरून आत परत येते. येताना दाणे ओढून आणते.

नदीच्या वळणावर हाच खेळ चालतो. वरची धार बाहेरच्या काठावर आदळते, तिथे खाली बुडी मारते, काठाचा पाया खणते आणि तळातून आतल्या काठाकडे सरकते. आत पाणी संथ, म्हणून वाळू तिथे बसते. बाहेर डोह, आत मळई. कपातल्या चहाच्या पुडीवरून नदीच्या वळणांचा उलगडा करणारा एक छोटा लेख १९२६ साली प्रसिद्ध झाला. लिहिणारे होते आल्बर्ट आइनस्टाईन. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही नदी का वळते हा प्रश्न लहान वाटला नाही, हे लक्षात ठेवावे.

बाहेरचा काठ खणला जातो म्हणजे वळण बाहेर फुगते आणि थोडेथोडे खालच्या बाजूलाही सरकते. पुढे दोन वळणांच्या मधली मान बारीक होत जाते. एखाद्या पुरात नदी ती मान तोडून सरळ निघते आणि जुने वळण मागे तळे होऊन पडते. शाळेच्या पुस्तकात त्याला कुंडलकासार सरोवर म्हणतात.

मग आण्णांची माती गेली कुठे?

वळणाच्या एका बाजूला खणणे आणि दुसऱ्या बाजूला भरणे, हे आण्णांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्यांची चूक पाहण्यात नाही, हिशेबात आहे.

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी व्हिक्सबर्ग येथे पाण्याच्या प्रयोगांची मोठी शाळा आहे. तिथे फ्रीडकिन या अभियंत्याने मोठ्या चौकात वाळूवर छोट्या नद्या वाहवल्या आणि त्यांचे काठ कसे पडतात, पडलेली वाळू कुठे बसते, हे पाहिले. १९४५ साली त्याचा अहवाल निघाला. पडलेल्या काठाची वाळू बहुतांशी समोर जात नाही, असे त्यात दिसले. ती तळाला धरून खाली सरकते आणि पुढच्या वळणाच्या आतल्या अंगाला, म्हणजे बऱ्याचदा त्याच बाजूच्या काठाला, मळई होऊन बसते. धारेचा जोर एका काठाकडून दुसऱ्याकडे जातो, पण तळाची जड वाळू त्याच्यामागे एवढ्या लगबगीने जात नाही.

म्हणजे आण्णांच्या समोर जी मळई दिसते तिची वाळू मुख्यतः वरच्या वळणावरून आली, आणि तीही समोरच्याच बाजूच्या काठाची. आण्णांची वाळू खाली गेली, त्यांच्याच बाजूच्या कुणाच्या तरी मळईत. आणि काळी चिकण माती? ती तळाशी थांबतच नाही. गढूळ पाण्याबरोबर कोसच्या कोस जाते. थोडी पुराच्या पाण्याबरोबर शेतांवर पसरते, बाकीची पुढे धरणात जाऊन बसते.

हे आम्ही आण्णांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी भांडायचं तर खालच्याशी भांडाय पायजे!" हसण्यावारी गेले, पण त्यात अर्धे खरे आहे. खालच्याशी भांडायचे नाही, बोलायचे मात्र नक्की आहे. ते कसे, ते पुढे येईल.

सगळ्या नद्या सारख्या नाहीत

पात्र बदलणे म्हणजे काय, याचा कळस पाहायचा तर बिहारातल्या कोसी नदीकडे पाहावे. हिमालयातून ती इतका गाळ आणते की मैदानात उतरताच तो टाकत सुटते. गाळाने पात्र उंच झाले की शेजारची सखल जागा पाहून तिकडे जाते. अशी सरकत सरकत ती दोन-अडीच शतकांत शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेकडे गेली. मग दोन्ही अंगांना बांध घालून तिला बांधले. गाळ बांधाच्या आतच साठत राहिला. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातल्या कुसहा गावाजवळ बांध फुटला आणि कोसीने पूर्वेकडची जुनी, लोक विसरलेली वाट धरली. त्या दिवशी महापूर नव्हता. बांध ज्या पाण्यासाठी बांधला होता त्याच्या कितीतरी कमी पाणी नदीत होते. लाखो लोक बेघर झाले. नंतर बांध दुरुस्त करून नदी पुन्हा आधीच्या पात्रात आणावी लागली.

मिसिसिपीचेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. कास्कास्किया हे इलिनॉय राज्याच्या पहिल्या राजधानीचे गाव नदीच्या पूर्वेला होते. १८८१ च्या पुरात नदीने नवी वाट फोडली, गावाचा मोठा भाग पोटात घेतला आणि उरलेले गाव पश्चिमेला टाकले. गाव कागदोपत्री आजही इलिनॉयचे आहे, पण रस्त्याने जायचे तर शेजारच्या मिसूरी राज्यातून जावे लागते. नदी हलली, हद्द हलली नाही. आपल्याकडे सातबारा आणि नदी यांचे जे होते, तेच तिथे दोन राज्यांचे झाले.

आपली कृष्णा मात्र कोसीसारखी भटकी नाही. महाबळेश्वरला सुमारे १,३०० मीटर उंचीवर ती उगम पावते. कऱ्हाडला येईपर्यंत ५७० मीटरच्या आसपास उतरते आणि सांगलीला सुमारे ५५० मीटरवर असते. म्हणजे घाटाखाली तिचा बहुतेक उतार संपलेला असतो. कऱ्हाडला उत्तरेकडून कृष्णा आणि दक्षिणेकडून कोयना समोरासमोर येतात आणि एकत्र होऊन पूर्वेकडे वळतात. पुढे हरिपूरजवळ वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. उतार कमी, पाणी भरपूर, म्हणून कृष्णा नागमोडी जाते. पण ती वाहते ती खोल चरातून. खाली काळा पाषाण, दोन्ही अंगांना तीस-चाळीस फूट उंच चिकण मातीचे काठ. त्यामुळे कोसीसारखी ती गावेच्या गावे ओलांडून जात नाही. आपल्या आयुष्यात तिचे वळण तिथेच दिसते. काठ मात्र पडत राहतात. पाच गुंठे इकडे, दोन गुंठे तिकडे. गेलेला पाच गुंठे ऊस दर वर्षीचा असतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पूर चढताना नव्हे, उतरताना

काठ पुराच्या धक्क्याने पडतो असे सगळे म्हणतात. धार पाया खणते हे खरेच. पण आपल्या काळ्या काठाची मोठी पडझड पुष्कळदा पाणी उतरताना होते. तुम्ही आठवून बघा.

पूर आठ-आठ दिवस राहिला की पाणी काठाच्या मातीत खोलवर मुरते. माती पाणी पिऊन जड होते आणि तिची पकड ढिली होते. तरीही ती उभी असते, कारण समोरून नदीच्या पाण्याचा रेटा तिला आधार देत असतो. मग पाणी झपाट्याने उतरते. बाहेरचा आधार गेला, आतले पाणी मात्र लगेच निचरत नाही. भिजलेल्या मातीचे ओझे बिनआधाराने उभे राहते आणि पायथा आधीच खणलेला असला की आख्खा कडा बसतो. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. २००५, २०१९, २०२१, या तिन्ही पुरांत गावे आठवडाभर पाण्याला तोंड देत होती, आणि काठ पडल्याचे लोकांना कळले ते पाणी गेल्यावर.

यात आपलाही हात लागतो. काठाच्या टोकापर्यंत ऊस नेला आणि मोकाट पाटपाणी सोडले, तर पूर नसतानाही काठ आतून भिजलेला राहतो. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. काठाला समांतर लांब भेग दिसली तर ती साधी समजू नये. वळवाचे पाणी प्रथम तिच्यात उतरते आणि तिथूनच काठ सुटतो.

नदीचा तराजू

काठ पडणे पूर्वीही होतेच. मग अलीकडे जास्त का जाणवते? १९५५ साली लेन या अमेरिकन अभियंत्याने एक सोपा तराजू मांडला. एका पारड्यात नदीचे पाणी आणि उतार, दुसऱ्यात गाळाचे प्रमाण आणि त्याचा जाडपणा. पारडी समतोल असतील तर नदी जेवढे नेते तेवढे टाकते. गाळ वाढला तर तळ भरत येतो. गाळ कमी झाला तर नदी उपाशी राहते आणि तळ व काठ खाऊन आपली भूक भागवते.

आता आपण गाळाच्या पारड्यातून काय काय काढले ते मोजा. वरच्या धरणांत वाळू अडून राहते. धरणांनी आपल्याला पाणी दिले, ऊस दिला, कारखाना दिला. त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण अडलेली वाळू खाली येत नाही, हेही खरे. उरलेली वाळू आपण यारीने आणि बोटीने काढली. पात्रात एका जागी खोल खड्डा झाला की तो तिथेच राहत नाही. खड्ड्याच्या वरच्या तोंडाशी पाण्याला उतार मिळतो, तळ खरवडला जातो आणि खड्डा वरच्या दिशेने चढत जातो. तळ चार फूट खाली गेला म्हणजे काठ चार फूट उंच झाला, आणि उंच काठ लवकर पडतो. वाळू काढणारा एका गावाचा, काठ पडणारा दुसऱ्या गावाचा.

मळईची माती वीटभट्टीला विकणे हाही त्यातलाच प्रकार. मळई म्हणजे पडीक माती नव्हे. पुरात तिच्यावरून पाणी संथ जाते. आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी वेळेवर निघाले नाहीत, तर पहिल्या मोठ्या पाण्याला मधून वाट मिळत नाही. मग ते बंधाऱ्याच्या बगलेने काठ फोडते. बरगे काढणे कंटाळवाणे काम आहे, पण ते चुकले की एखाद्याचे रान जाते.

एकट्याचा दगड शेजाऱ्याच्या रानात

काठ पडू लागला की आपण पहिली गोष्ट करतो ती म्हणजे ट्रॉलीभर दगड, विटांचे तुकडे, जुने काँक्रीट आणून पडलेल्या जागी टाकतो. आण्णांनीही टाकले होते. कड्यावरून ढकललेल्या राडारोड्याने भिजलेल्या काठावर ओझेच वाढते. आणि जिथे तो टिकतो तिथून धार उसळी घेते आणि पुढच्याचा किंवा समोरच्याचा काठ धरते. त्याने दगड टाकला की पुढचा. असे करून सगळे वळणच बिघडते.

म्हणून आमचे सांगणे असे. काठ एकट्याने वाचत नाही, वळण मिळून वाचवावे लागते. ऊस एकेकट्याने गाळायला न्यायचा असता तर कारखाना उभा राहिला नसता. नदीचेही तेच आहे.

करण्यासारखे काय, ते थोडक्यात देतो.

१. आपले रान वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहे की आतल्या, हे आधी पाहा. बाहेरच्या अंगाला असेल तर काठापासून निदान वीस-पंचवीस फूट पट्टा उसाविना सोडा. चार सऱ्या सोडणे कठीण वाटते, पण नदी त्या न विचारता नेते.

२. त्या पट्ट्यात खोल मुळाची झाडे व गवत लावा. वाळुंज, करंज, जांभूळ, निर्गुडी, बांबू, वाळा हे आपल्याकडचेच आहेत. पाण्याजवळ वाळुंज व निर्गुडी, वर करंज व जांभूळ. काठावर आहेत ती झुडपे सरपणासाठी किंवा रान स्वच्छ दिसावे म्हणून तोडू नका. मात्र सरळ तुटलेल्या कड्याच्या टोकावर मोठे झाड लावू नये, त्याचे वजन काठालाच खाली ओढते.

३. काठाकडच्या सऱ्यांना मोकाट पाणी बंद करा. ठिबक असेल तर उत्तम. रानाचे जादा पाणी काठावरून सोडू नका, पाइपमधून खाली पात्रापर्यंत न्या.

४. दर वर्षी मोजा. काठापासून पन्नास फूट आत एका ओळीत तीन-चार दगडी खुणा रोवा. मृगापूर्वी आणि दिवाळीनंतर खुणेपासून काठापर्यंत टेप धरा, आकडा वहीत लिहा. पाच वर्षांची वही जवळ असेल तर अभियंत्यापुढे आणि तहसील कचेरीतही बोलायला तोंड राहते.

५. जॅकवेल आणि पाइपलाइन बाहेरच्या अंगाला डोहाजवळ असेल तर पाणी मिळते, पण काठ जाण्याची भीती. आतल्या अंगाला असेल तर गाळाने तोंड बुजते. नवी योजना करताना दोन्हींचा विचार करून जागा धरावी.

६. दगडी पिचिंग, जाळीतले दगड अशी कामे करायची तर ती पूर्ण वळणाची, पायथ्यापासून आणि जलसंपदा विभागाच्या अभियंत्याच्या सल्ल्याने करावीत.

७. मळई पडली म्हणून ती आपोआप आपल्या सातबाऱ्यावर चढत नाही. मळईच्या आणि नदीने नेलेल्या जमिनीचे नियम १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहेत. ते तहसील कचेरीत विचारून घ्यावेत, काठीने ठरवू नयेत.

शेवटी आण्णांचे. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. काठावर पाच दगड रोवलेले होते आणि टेपचे दुसरे टोक धरून समोरच्या काठाचे सभासद उभे होते. मळईतून होडीने आले होते म्हणे. बोलणे कसे सुरू झाले ते आम्ही विचारले नाही. आण्णा एवढेच म्हणाले, "ह्यांच्या बी वरच्या अंगाचा काठ पडतोय साहेब. मला ठाऊकच नव्हतं." दोघांच्या शेतांमधून नदी वाहते. पडलेली माती दोघांनाही परत मिळणार नाही. पण पुढची चार सऱ्या राहतील की नाही, हे आता दोघे मिळून पाहतील.

ज्या सभासदांना आपला काठ मोजून खुणा रोवायच्या असतील त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे. एका वळणावरचे, दोन्ही काठांचे सभासद एकत्र आले तर आमचे शेतकी खाते तिथे येऊन मोजणीला मदत करील. येताना शेजाऱ्याला बरोबर आणावे.